दम्याच्या पंपातले निम्मेच औषध घेणे धोक्याचे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यात दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि पहाटेचा गारठा एकत्र आले की अनेकांची छाती भरून येते. पुढे हळद बाजारात आली की यार्डातली धूळ आणि तासगाव भागात बेदाण्याला दिली जाणारी गंधकाची धुरी यांचा त्रास काहींना होतो. या कारणांविषयी अधूनमधून बोलले तरी जाते. पण हे रुग्ण ज्या पंपाच्या भरवशावर दिवस काढतात, तो पंप ते कसा वापरतात याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. औषधनिर्माता म्हणून सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावरही ओळखीची माणसे चिठ्ठी आणि पंप घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या हातात जे दिसते, त्यावरून एका विशिष्ट औषधाबद्दल स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते.

श्वासनलिका दीर्घकाळ मोकळी ठेवणारी, श्वासातून घ्यायची औषधे आपल्याकडे आता सर्रास दिली जातात. सॅल्मेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल ही त्यांतली नेहमीची नावे. धाप लागल्यावर तातडीने घ्यायच्या सॅल्ब्युटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, तर या दोन औषधांचा सुमारे बारा तास. म्हणून ती बहुधा सकाळ-संध्याकाळ घ्यायची असतात. ती सुरू झाली की रात्रीची झोप लागते, जिना चढताना धाप लागत नाही आणि दमा गेलाच असे रुग्णाला वाटू लागते. प्रत्यक्षात दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि तिच्या आतल्या अस्तराला सूजही येते. ही औषधे स्नायू सैल करतात, सूज मात्र उतरवत नाहीत. ते काम ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांसारख्या, श्वासातूनच घ्यायच्या स्टेरॉइडचे आहे. पाटाचे काठ रुंद करायचे आणि आतला गाळ तसाच साचू द्यायचा, असा हा प्रकार होतो. वरवर सारे ठीक दिसत असते, आणि सर्दीचे किंवा धुराचे निमित्त होऊन अचानक असा झटका येतो की नेहमीचे औषधही पुरे पडत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. सॅल्मेटेरॉलची सुरक्षितता तपासण्यासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २६ हजारांहून अधिक रुग्णांनी भाग घेतला होता. त्यांच्या नेहमीच्या उपचारांत निम्म्यांना सॅल्मेटेरॉलची आणि निम्म्यांना औषध नसलेल्या पंपाची जोड देण्यात आली. २८ आठवड्यांच्या काळात दम्यामुळे झालेले मृत्यू पहिल्या गटात १३ आणि दुसऱ्या गटात ३ होते. आकडे लहान असले तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता, आणि २००३ मध्ये तो अभ्यास थांबवण्यात आला. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दम्यात हे औषध स्टेरॉइडच्या जोडीशिवाय वापरू नये, असे बजावले. त्यानंतर सुमारे ४१ हजार रुग्णांवरील चार चाचण्यांत स्टेरॉइडसोबत एकाच पंपातून घेतल्यास गंभीर धोका वाढत नाही असे आढळले, तेव्हा २०१७ मध्ये त्या जोडऔषधांवरची चौकटीतली कडक सूचना काढून टाकण्यात आली. एकट्या औषधावरची सूचना मात्र कायम राहिली. म्हणजे औषध वाईट नाही. ते एकटे घेणे वाईट आहे.

ते एकटे घेण्याची वेळ येते कशी? डॉक्टर बहुधा जोडऔषधच लिहून देतात. पण जिथे दोन वेगळे पंप दिलेले असतात, तिथे घरी गेल्यावर ‘स्टेरॉइड’ हा शब्द कानावर पडतो आणि तो पंप कपाटात जातो. अंग सुजेल, हाडे ठिसूळ होतील, मुलाची उंची खुंटेल, अशा नाना शंका असतात. शिवाय स्टेरॉइडचा पंप घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याने छाती मोकळी होते, त्यामुळे पैसे वाचवायचे झाले तर कोणता बंद होणार हे उघड आहे. अशा वेळी हे सांगावे लागते की पंपातील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, तर झटका आल्यावर द्याव्या लागणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेतल्यास पंपातील स्टेरॉइडचेही दुष्परिणाम होऊ शकतात, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच दमा साधारण तीन महिने नीट आटोक्यात राहिला की मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टर पाहतात. तो निर्णय त्यांचा आहे, शेजाऱ्यांचा नव्हे.

दुसरी वाट घरातूनच जाते. आयुष्यभर विडी ओढलेल्या आजोबांना किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजींना जो फुप्फुसाचा विकार होतो, त्याला घरात दमाच म्हणतात. पण तो विकार निराळा आहे. त्यात श्वासनलिका मोकळी करणारे दीर्घ परिणामाचे औषध स्टेरॉइडशिवायही दिले जाते आणि ते योग्यच असते. तोच पंप दम्याच्या नातवाला ‘चार दिवस’ म्हणून दिला, तर ते मुळीच योग्य नसते. एका औषध दुकानात तर चिठ्ठीतले जोडऔषध शिल्लक नाही म्हणून त्यातले एकच औषध असलेल्या, पंपात घालून ओढायच्या कॅप्सूल ‘तेच आहे, चालेल’ असे सांगून दिल्या गेल्या. घरी आल्यावर वेष्टनावरची नावे चिठ्ठीशी ताडून पाहिली म्हणून ते ध्यानात आले. इतकी बारीक अक्षरे वाचण्याची अपेक्षा सत्तरीच्या माणसाकडून कशी ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

झटक्याच्या वेळी कोणता पंप घ्यायचा, याचाही मोठा घोळ आहे. सॅल्मेटेरॉलचा परिणाम सावकाश सुरू होतो, त्यामुळे धाप लागलेली असताना त्याचा उपयोग नाही. एकाने भागले नाही म्हणून दोन-तीनदा घेतले तर छातीत धडधड, हातांना कंप आणि पायात गोळे मात्र येतात. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच काम सुरू करते, म्हणून फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइडचा एकच पंप रोजच्यासाठी आणि गरजेसाठीही वापरायची पद्धत अलीकडे डॉक्टर सांगतात. त्यातही दिवसाची कमाल मात्रा ठरलेली असते. पण ‘एकच पंप दोन्हीला चालतो’ एवढेच ऐकून सॅल्मेटेरॉलच्या पंपाला तो नियम लावणारे लोक भेटतात. ज्यांच्याकडे सॅल्मेटेरॉलचे जोडऔषध आहे, त्यांनी तातडीसाठीचा पंप वेगळा, नेहमी जवळ ठेवायला हवा. आणि तो घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा थोड्याच वेळात पुन्हा धाप लागत असेल, तर घरी वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

घेण्याच्या पद्धतीबद्दल लिहायचे तर एक स्वतंत्र पत्र होईल. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही आहेत. माझ्याकडे आणलेल्या एका कॅप्सूलच्या पंपाच्या जाळीवर पांढऱ्या भुकटीचा थर घट्ट बसला होता. रुग्ण श्वास आत ओढण्याआधी त्यातच फुंकर मारीत असे, त्यामुळे भुकटी ओलसर होऊन चिकटत गेली होती. भुकटीचा पंप जोराने आणि खोल ओढायचा असतो. फवाऱ्याचा पंप हलवून, सावकाश ओढून, नंतर सुमारे दहा सेकंद श्वास रोखायचा असतो, आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त पोहोचते. औषध संपल्यानंतरही फवाऱ्यातून नुसता वायू येत राहतो, त्यामुळे डबी हलवून किंवा पाण्यात टाकून पाहण्यापेक्षा मात्रा दाखवणारा आकडा पाहावा. स्टेरॉइड असलेला पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकले, तर तोंडात पांढरा बुरशीचा थर धरण्याचा आणि आवाज बसण्याचा त्रास बराच टळतो. हृदयविकार, थायरॉइड किंवा रक्तदाबासाठी औषधे सुरू असतील तर ती डॉक्टरांना आधीच सांगावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबसुद्धा दम्याच्या औषधांच्या विरुद्ध काम करतात.

यासाठी नव्या योजनेची किंवा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रत्येक पंपासमोर ‘रोजचा’ किंवा ‘धाप लागल्यावर’ एवढे मराठीत लिहावे. औषध दुकानदारांनी जोडऔषधाऐवजी त्यातले एकच औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात पंप देताना रुग्णाकडून तो एकदा समोर वापरून घ्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात. जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेने आणि आरोग्य विभागाने हंगाम ऐन भरात येण्यापूर्वी याबाबत आपापल्या लोकांना सूचना द्याव्यात, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
विश्रामबाग, सांगली