पहिली सिरिंज कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पानावरचा ल्युकेमियाचा (रक्ताच्या कर्करोगाचा) लेख वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘केमो लागू पडणार का, चाचणी आधीच सांगणार’ असा मथळा आपण दिलात. आधीच नाही हो! सुरुवातीच्या जनुकीय तपासण्यांवरून अंदाज बांधता येतो, फिलाडेल्फिया क्रोमोसोम हा जनुकीय दोष सापडला तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडतात, हे खरं. पण आमच्या लेकीसारख्या एएलएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) झालेल्या मुलांचं मोठं उत्तर पहिल्या महिनाभराच्या केमोनंतर मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट (कच्च्या, रोगट) पेशी ५ टक्क्यांच्या आत आल्या की ‘रेमिशन’, म्हणजे रोग आटोक्यात आला, म्हणतात. उपचारानंतर उरलेला रोग शोधणारी एमआरडी चाचणी मात्र पेशींवरच्या सीडी१९, सीडी१० अशा खुणा धरून १०,००० पेशींत लपलेली एक रोगट पेशीही हुडकते.

एवढी नाजूक चाचणी, आणि नमुना कसा घ्यायचा याबद्दल लेखात एक ओळ नाही. सुई हाडात गेल्यावर पहिल्यांदा ओढलेल्या एक-दोन मिलिलिटरमध्येच कसदार बोन मॅरो (हाडातला मगज) येतो. नंतर रक्त मिसळत जातं आणि रोगट पेशी विरळ दिसतात. आमच्या वेळी पहिली सिरिंज काचपट्ट्यांना गेली, पुढच्या दोन इतर तपासण्यांना, एमआरडीच्या वाट्याला चौथी. रिपोर्ट आला: नमुन्यात रक्ताची भेसळ, निष्कर्ष देता येत नाही. प्रयोगशाळेने प्रामाणिकपणे तसं लिहिलं, त्यांचे उपकार. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलं असतं तर?

सात वर्षांच्या पोरीला आठवड्याभरात पुन्हा टेबलावर घेतलं. ‘बाबा, परवाच केली ना?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या खेपेस पहिली सिरिंज एमआरडीला दिली. आकडा आला ०.२ टक्के, ०.०१ च्या वर म्हणजे धोका. त्यावरून तिची केमो वाढवली. गेल्या दिवाळीत औषधं थांबली, आता ती शाळेत जाते. सुई टोचण्यापूर्वी ‘पहिली सिरिंज कुणाची?’ एवढं पालकांनी विचारावं, हे छापा. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो पाठीच्या मणक्यातून पाणी काढतानाचा आहे. बोन मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. आमच्या आईने ‘पाठीत सुई घातली की पाय जातात’ म्हणून दोन दिवस तपासणी होऊ दिली नव्हती. तो फोटो कृपया बदला.

आपला,
एक पालक, कराड