आधी मासा बघायचा, मग टेबल

लिस्बन,
१२ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं पक्की झाल्याचं कळलं आणि आज ऑफिसातून आल्या आल्या लिहायला बसले. बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, "तिथे आम्ही खायचं काय?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मासे खायचे, बाबा. युरोपीय संघात माणशी सगळ्यात जास्त मासे खाल्ले जातात ते याच देशात, पोर्तुगालमध्ये. तरीही पहिले दोन महिने मला इथे चांगला मासा मिळाला नाही. मी जात होते मोठ्या चौकांमध्ये, जिथे दारात उभा असलेला माणूस हाताला धरल्यासारखा आत बोलावतो आणि मेन्यूवर पाच भाषांत नावं आणि शेजारी फोटो असतात. अशाच एका ठिकाणी एकदा रुबालु नावाचा मासा मागवला. चवीला बरा होता. बिल आलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. मेन्यूवरचा भाव ताटाचा नव्हता, किलोचा होता, आणि सव्वा किलोचा अख्खा मासा माझ्या एकटीसाठी भाजला होता. वर पाव, ऑलिव्ह आणि चीजचे पैसे वेगळे. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं.

घरी येऊन रडले, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की मला विचारताच आलं नाही.

नंतर ऑफिसातल्या एका बाईंनी सगळं समजावलं. बसल्याबरोबर टेबलावर येतं त्याला 'कुवेर' म्हणतात. ते फुकट नसतं. पण न मागता आणलेलं आणि आपण हात न लावलेलं, त्याचे पैसे घेता येत नाहीत, तसा कायदाच आहे. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगायचं, कोणी राग मानत नाही. आणि अख्खा मासा किलोवर असेल तर तो भाजायला जाण्याआधी आपल्यासमोर आणून दाखवायला सांगायचा आणि वजन विचारायचं: "क्वांतु पेझा?" हे दोन शब्द बाबांनी आत्तापासून पाठ करावेत. काही वाद झालाच तर प्रत्येक हॉटेलात तक्रारवही ठेवावी लागते, ती मागायची. मला अजून गरज पडलेली नाही.

दुसरा प्रश्न, "दु मार?" म्हणजे समुद्रातला का? रुबालु आणि दोरादा हे दोन मासे इथे सगळीकडे दिसतात आणि बहुतेक ठिकाणी ते मत्स्यशेतीतले, म्हणजे पाळलेले असतात, दोरादा तर बऱ्याचदा ग्रीस नाहीतर तुर्कस्तानातून आलेला. शेतीतला मासा वाईट नसतो, स्वस्त असतो, मीही खाते. पण समुद्रातल्याचा भाव देऊन शेतीतला खायचा नाही. बाजारात हे विचारावंही लागत नाही. माशाचं नाव, पकडलेला की पाळलेला, आणि कुठल्या पाण्यातला, हे सगळं पाटीवर लिहिणं बंधनकारक आहे. समुद्राच्या भागाचा आकडा २७ असला म्हणजे ईशान्य अटलांटिक, आपल्या समोरचं पाणी. ३७ म्हणजे भूमध्य समुद्र.

आता बाजाराचं सांगते, कारण आई, तिथे मला तुझी फार आठवण आली.

लिस्बनहून तासाभरावर सेतूबल म्हणून बंदर आहे. गाडी तेझु नदीवरच्या मोठ्या लाल पुलावरून जाते. तिथला लिव्रामेंतु बाजार १९३० सालच्या इमारतीत भरतो. मागच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आणि त्यांच्यासमोर बर्फावर मासेच मासे. मी आपली काही न बोलता एक दोरादा उचलला, डोळे पाहिले, कल्ला वर करून आतला रंग पाहिला, बोटाने दाबून खळगा भरून येतो का ते पाहिलं. तू शिकवलंस तसंच. मासेवाली बघत होती. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि मागच्या खोक्यातून दुसरा आणून दिला. कल्ले लालभडक होते. तिची भाषा मला तेव्हा अजिबात येत नव्हती आणि माझी तिला, पण त्या बाईला कळलं होतं की ही मासा ओळखते. त्या दिवसापासून मला इथे परकं वाटणं कमी झालं.

बाजारातून बाहेर पडून जवळच्याच एका खाणावळीत जेवले. सेतूबलची खासियत म्हणजे शोकु फ्रितु, तळलेली माकुल. जाड पट्ट्या, वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारख्या. इथे अर्धा वाटा मागता येतो, 'मेया दोझ'. तोही एकाला भरपूर होतो, म्हणून तुम्ही सुरुवात अर्ध्यानेच करा.

अशा खाणावळी ओळखायच्या कशा? दारावर हाताने लिहिलेला कागद असतो, आजचं काय ते. यादी छोटी असते. दुपारी एक वाजता आत आसपासच्या दुकानांतली माणसं जेवत असतात. कोळशाचा वास रस्त्यावर येतो. मासा जाड मिठात भाजून, सोबत उकडलेला बटाटा आणि ऑलिव्ह तेल, बस्स. पहिल्यांदा मला हे फार साधं वाटलं होतं. आता वाटतं, ताज्या माशाला आणखी काही लागतच नाही. मसाला हवासा वाटलाच तर तिसऱ्या मागवा: लसूण, भरपूर कोथिंबीर, पांढरी वाइन. या पदार्थाला बुल्याँव पातु नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं नाव दिलंय. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा.

बाकाल्याउ, म्हणजे खारवलेला कॉड, हा इथला जीव की प्राण. तो इथल्या समुद्रातला नाही, नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो. एकदा खाऊन बघा, पण ताज्या माशाचा दिवस त्यावर घालवू नका.

तुम्ही जूनमध्ये येताय याचा मला किती आनंद झालाय! तेव्हा तारली चरबीने भरते. पोर्तुगीजांत म्हणच आहे, साँव जुआँवच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाला तारली पावावर ठिबकते. १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत दारोदारी शेगड्या पेटतात आणि पावाच्या तुकड्यावर अख्खी तारली हातात देतात. पोट साफ न करताच भाजतात, तेव्हा बाबांनी वरचं मांस खाऊन बाकी सोडून द्यावं. शेवटी तेल मुरलेला तो पाव खायचा, तोच सगळ्यात चांगला.

तुम्ही रविवारी पोहोचताय. त्या दिवशी बऱ्याच खाणावळी बंद असतात, मी घरी सूप करून ठेवते. सोमवारीही मासळी नको, आदल्या दिवशी बहुतेक होड्या गेलेल्या नसतात आणि सेतूबलचा बाजारही बंद असतो. मंगळवारी मात्र सकाळी लवकर निघायचं, दुपारी दोनला बाजार उठतो. गाडीची वेळ मी बघून ठेवलीय. आई, मासा तूच निवडायचास. मी शेजारी उभी राहून वजन विचारीन.

बाबांची पाठ कशी आहे ते कळवा.

तुमची,
धाकटी