सन १०२६ चा आडवा छेद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीपासून आपल्या वृत्तपत्रात सोमनाथविषयी बरेच छापून आले. गझनीच्या महमुदाने ते देऊळ फोडले त्याला यंदा हजार वर्षे झाली, तेव्हा ते छापून यायलाच हवे होते. त्यातली तीन कात्रणे मी जपून ठेवली आहेत. पण त्याच वर्षाबद्दल एक गोष्ट कुठेच आली नाही, आणि ती थेट मुंबईतली, मी राहतो त्या भांडुपची आहे. म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण कृपया कापू नये.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे आरेखक होतो. कालव्याचे नकाशे आम्ही दोन तऱ्हांनी काढायचो. लांबछेद, म्हणजे मुखापासून शेवटपर्यंत कालवा कसा उतरत जातो ते. आणि आडवा छेद, म्हणजे अमुक साखळी क्रमांकावर, म्हणजे मुखापासून मोजलेल्या अमुक अंतरावर, कालवा कापला तर काय दिसेल ते : तळ किती रुंद, भराव किती उंच, शेजारून ओढा जातो की कुणाचे शेत आहे. लांबछेद दिसायला सुबक असतो. पण कामावरचा मिस्त्री आडवा छेद मागतो, कारण कालवा कोणाच्या दारातून चालला आहे हे त्यातच कळते.

इतिहास आपण सगळा लांबछेदात शिकलो. चोळ घेतले की पहिल्यापासून शेवटच्या चोळापर्यंत. मग मागे येऊन चालुक्य, पुन्हा मागे येऊन परमार. गझनीचा महमूद तर वेगळ्याच धड्यात. हे सगळे एकाच सकाळी उठून तोंड धूत होते, ही जाणीव मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी झाली, आणि तीही शेजाऱ्यांमुळे.

आमच्या मजल्यावर तंजावर जिल्ह्यातले एक गृहस्थ राहतात. चाळीस वर्षे मुंबईत काढल्यामुळे मराठी उत्तम बोलतात. सोमनाथवरचा आपला लेख मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या राजेंद्र चोळाची जहाजं समुद्र ओलांडून कडारमला गेली होती." कडारम म्हणजे आजच्या मलेशियातले केडा. मग त्यांनी सहज विचारले, "आणि तेव्हा इथं कोण होतं? तुमच्या भांडुपला?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी जुनी पेटी काढली. ट्रेसिंग पेपर शिल्लक होता, पेनेही चालू होती. सन ९८५ ते १०४५ अशी साठ वर्षे घेतली, एका वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे १२० सेंटिमीटरची गुंडाळी. प्रत्येक राजाला एक आडवी पट्टी. जिथे ताम्रपट सापडला आहे त्या वर्षावर लाल टिंब. हे काम अडीच महिने चालले.

पट्ट्या काढताना काही राजे मापाने समजले. राजराज चोळ ९८५ ते १०१४, म्हणजे ५८ सेंटिमीटर, आणि लगेच त्याचा मुलगा राजेंद्र, १०४४ पर्यंत, आणखी ६०. बाप-लेकांनी माझा सगळा कागद व्यापला, एक ओळ भरून. महमूद ९९८ ते १०३०, म्हणजे ६४. डेन्मार्कचा कनूट १०१६ मध्ये इंग्लंडचा राजा झाला, पुढे डेन्मार्क आणि १०२८ मध्ये नॉर्वेही त्याच्याकडे आले. १०३५ मध्ये तो वारला आणि सात वर्षांत ते सगळे विस्कटले. त्याची इंग्लंडमधली पट्टी ३८ सेंटिमीटर. त्याच्या आधीचा एडमंड १०१६ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंतच टिकला, त्याची पट्टी एका नखाएवढी आली. कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाईन सम्राट बेसिल दुसरा ९७६ पासूनच गादीवर होता, त्यामुळे त्याची पट्टी माझ्या कागदाच्या बाहेरूनच आत येते.

मग मी टी-स्क्वेअर लावून १०२५-२६ च्या हिवाळ्यावर उभी रेघ मारली. संपादक महोदय, त्या एका रेघेने मला जे दाखवले ते शाळेत कुणी दाखवले नव्हते.

महमूद १०२५ च्या ऑक्टोबरात गझनीहून निघाला आणि मुलतानवरून वाळवंट ओलांडून गुजरातेत आला. तो या वाटेवर असतानाच, १५ डिसेंबरला, तिकडे बेसिल वारला. जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केलेला राजा गेला आणि गादी त्याच्या म्हाताऱ्या भावाला मिळाली. इकडे गुजरातचा राजा, अणहिलवाडचा भीमदेव, राजधानी सोडून कच्छातल्या कंथकोटाकडे गेला. जानेवारीत सोमनाथ पडले. त्याच १०२६ मध्ये कीव्हचा यारोस्लाव आणि त्याचा भाऊ मस्तिस्लाव यांनी भांडण मिटवून नीपर नदी ही हद्द ठरवली, एक काठ याचा, दुसरा त्याचा. नदी हद्द म्हणून आखणे किती अवघड असते हे मला माहीत आहे, म्हणून ही नोंद मी जरा मोठ्या अक्षरात केली.

चीनमध्ये काइफंगला सुंग घराण्याचा सम्राट रेनत्सुंग गादीवर होता. तो सोळा वर्षांचा, आणि कारभार राजमाता लिऊ पाहत होती. या सुंगांनी १००५ मध्ये उत्तरेच्या लिआवांशी तह केला होता : दरवर्षी १ लाख तोळे-माप चांदी (त्यांचे तोळे आपल्यापेक्षा मोठे) आणि २ लाख ठाण रेशीम द्यायचे आणि लढाई थांबवायची. ती शांतता शंभराहून अधिक वर्षे टिकली. या तहात मानहानी आहे असे कुणी म्हणेल. मला मात्र सोमनाथच्या बाजूला तो ठेवून पाहिल्यावर त्या माणसांच्या शहाणपणाचे कौतुक वाटले. याच सुंग दरबारात १०१५ मध्ये चोळांचे वकील मोत्यांचा नजराणा घेऊन पोचले होते.

आणखी एक गोष्ट उभ्या रेघेमुळेच लक्षात आली. लांबछेदात बायका दिसत नाहीत, कारण वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. आडवा छेद घेतला की जागोजागी त्या दिसू लागतात. काश्मीरची दिद्दा राणी १००३ पर्यंत. कैरोत फातिमी खलिफा अल-हाकिम १०२१ मध्ये रात्री टेकड्यांकडे गेला तो परत आलाच नाही, आणि त्याच्या कोवळ्या मुलाच्या नावाने त्याची बहीण सित्त अल-मुल्क हिने राज्य सावरले. काइफंगला राजमाता लिऊ. आणि आपल्या शेजारी, कर्नाटकात, चालुक्य जयसिंहाची बहीण अक्कादेवी. ती प्रांताचा कारभार करी, आणि पुढे गोकाकच्या किल्ल्याला तिने स्वतः वेढा घातला. शिलालेख तिला रणभैरवी म्हणतात. गोकाक कोल्हापुरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. माझ्या दोन्ही मुलींनी शाळेत तिचे नाव ऐकले नव्हते.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. इथे कोण होते?

इथे उत्तर कोकणचे शिलाहार होते. ठाणे हे त्यांचे मोठे शहर. गझनीच्या दरबारात असलेल्या अल-बिरुनीने १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात मरहट्ट देशाचे नाव आहे, कोकणचे आहे, आणि समुद्रकाठच्या 'ताना'चेही आहे. शिलाहार मोठे राजे नव्हते. माझ्या कागदावर त्यांची पट्टी परमार आणि चालुक्य या दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये चेपलेली आहे, आणि प्रत्यक्षातही तसेच होते. धारच्या परमार भोजाने १०२० मध्ये दोन दानपत्रे दिली, एक बांसवाड्याला सापडले, दुसरे इंदूरजवळ बेटम्याला. एकात 'कोंकणविजयपर्व' साजरे केल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यात 'कोंकणग्रहणविजयपर्व'. म्हणजे भोजाने कोकण जिंकले आणि त्याचा उत्सव केला. चारच वर्षांनी, १०२४ मध्ये, चालुक्य जयसिंहाचा मिरजेचा ताम्रपट. त्याचा तळ कोल्हापुराजवळ पडला होता आणि सप्तकोंकणाच्या राजाचे सर्वस्व हिरावून आपण आता उत्तरेकडे निघालो आहोत असे तो सांगतो. चार वर्षांत दोन मोठी सैन्ये कोकणावर. हे वाचून मला वाटले, संपले शिलाहार.

पण पुढचे लाल टिंब १०२६ वर आहे, आणि ते भांडुपचे आहे.

शके ९४८, क्षय संवत्सर, कार्तिक शुद्ध १५. शिलाहार राजा छित्तराज षट्षष्ठी विषयातल्या (विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत) नौर गावचे एक शेत आमदेवैय नावाच्या ब्राह्मणाला देतो. षट्षष्ठी म्हणजे सहासष्ट गावे, त्याचीच पुढे साष्टी झाली, आणि याच साष्टीवर आज आपण लोकलने हिंडतो. राजा स्वतःला तगरपुराचा अधिपती म्हणवतो, म्हणजे धाराशिवकडच्या तेरचा. घराणे मुळात तिकडचे, ही आठवण त्यांनी बिरुदात सांभाळली होती. ताम्रपट ज्यांना उद्देशून आहे त्यांत 'हंयमन' असा शब्द येतो. बरेच अभ्यासक त्याचा संबंध पारशांच्या अंजुमनशी, म्हणजे जमातीच्या सभेशी, लावतात.

आणि शेताची चतुःसीमा! आजही खरेदीखतात हाच शब्द असतो. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, हे हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवले आहे, आणि पश्चिमेच्या हद्दीला राजपथ आहे. ब्रिटिश काळातल्या ठाण्याच्या गॅझेटियरने तेव्हाच नोंदवले होते की भांडुपच्या थोड्या उत्तरेला असलेला हा राजपथ जवळजवळ मुंबई-ठाणे रस्त्याच्याच रेषेत येतो. म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग. या रस्त्यावर मी अडतीस वर्षे बसची वाट पाहिली आहे. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो.

विचार करा. जानेवारीत सोमनाथ पडले. जहाजे, व्यापारी, यात्रेकरू सगळे एकाच किनाऱ्यावरचे, बातमी ठाण्याला आलीच असणार. भोजाची स्वारी होऊन सहा वर्षे, जयसिंहाची होऊन दोन. आणि त्याच वर्षीच्या कार्तिकात ठाण्याचा राजा एका शेताच्या चारी हद्दी मोजून लिहून देतो. राज्य चालू आहे, मोजणी चालू आहे, लेखक शाबूत आहे, तांबट शाबूत आहे. मोजणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला याची किंमत कळते. १०३४ मध्ये चिंचणीच्या ताम्रपटात छित्तराजाचा संजाणचा मांडलिक देवीच्या दिव्यासाठी एक तेलघाणा लावून देतो. त्याआधी १००८ च्या खारेपाटण ताम्रपटात दक्षिण कोकणच्या रट्टराजाने परदेशाहून येणाऱ्या जहाजामागे एक सोन्याचा गद्याण (तेव्हाचे नाणे) देवस्थानाच्या खर्चाला लावून दिला आहे. महमूद याच काळात वर्षाआड हिंदुस्थानात उतरत होता. त्याच्या स्वाऱ्या खऱ्या आहेत, आणि घाणा, गद्याण, शेत हेही तितकेच खरे आहे. शेवटी छित्तराजाचाच भाऊ मुम्मुणी, त्याच्या कारकिर्दीत १०६० मध्ये अंबरनाथचे देऊळ पूर्ण झाले. ते आजही उभे आहे आणि तिथे पूजा चालते.

तारखेची मी माझ्यापरीने पडताळणी केली. यंदा शके १९४८, संवत्सर पराभव, साठांतले चाळिसावे. हजार वर्षे मागे जायचे तर त्यात साठाची सोळा आवर्तने बसतात आणि चाळीस उरतात. चाळिसाव्यातून चाळीस मागे गेलो की आधीच्या फेऱ्याचे साठावे, म्हणजेच क्षय. ताम्रपटात क्षयच आहे. हिशेब जुळला तेव्हा शेजाऱ्यांच्या घराची बेल वाजवून मी त्यांना बाहेर बोलावले आणि सांगितले, "इथं छित्तराज होता."

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. येत्या कार्तिक पौर्णिमेला, २४ नोव्हेंबरला, भांडुपच्या ताम्रपटाला पंचांगाप्रमाणे हजार वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशीच्या अंकात एक पान १०२६ सालाला द्यावे. एकट्या महमुदाला नको आणि एकट्या छित्तराजालाही नको, गझनी, तंजावर, धार, काइफंग, कैरो, कीव्ह आणि ठाणे एकाच पानावर यावेत. दुसरे, भांडुपमध्ये या ताम्रपटाचा साधा फलकही माझ्या पाहण्यात नाही. स्थानकाबाहेर किंवा शास्त्री मार्गावर चार ओळींचा फलक लागावा म्हणून मी दोन अर्ज केले. दोन्हींना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. आपण लिहिलेत तर कदाचित मिळेल. मजकूर मी तयार ठेवला आहे आणि अक्षरेही स्वतः आखून देईन.

छापण्यासाठी नकाशा हवा असल्यास कळवावे. गुंडाळी घडी घालून पाठवता येत नाही, घडीवर शाई तडकते. मी ती नळकांड्यात घालून आपल्या कचेरीत स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त आरेखक, भांडुप