पहिला बळी विसरू नका

महोदय,

पुण्यात १९७६-७७ मध्ये एका टोळीने केलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल लिहिताना अनेक जण सुरुवात थेट ३१ ऑक्टोबर १९७६ ला मारल्या गेलेल्या जोशी कुटुंबातल्या तिघांपासून करतात. ते चूक आहे. पहिला खून जानेवारी १९७६ मध्ये झाला. बळी होता मारेकऱ्यांचाच वर्गमित्र, अभिनव कला महाविद्यालयातला. खंडणी उकळण्यासाठी त्याचे अपहरण झाले आणि मृतदेह पिंपात घालून तळ्यात टाकला गेला. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकरांसह ५ जणांना मारले. मार्च १९७७ मध्ये आणखी एक तरुण. एकूण १० जीव गेले. त्या पहिल्या मुलाला गाळून हा हिशेब पुरा होतच नाही.

खटल्याविषयीही नेमके लिहावे. टोळीतला पाचवा माफीचा साक्षीदार (माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा) झाला म्हणून फाशी झाली, असे सर्रास सांगतात. पण अशा साक्षीदाराच्या शब्दावर न्यायालये सहसा एकट्याने विसंबत नाहीत, महत्त्वाच्या मुद्द्यांवर स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा लागतो. शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सप्टेंबर १९७८ चा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९७९ मध्ये कायम केला. पुढे सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली.

मारेकऱ्यांची नावे पाठ असणाऱ्यांनी पुढच्या लेखात तो जानेवारी महिना जरूर घालावा.

– एक वाचक, पुणे