शिक्षा : कुठे शाळेची, कुठे कोर्टाची

महोदय,

‘शिक्षा’ या चांगल्या संस्कृत शब्दाचा अर्थ मराठीने बिघडवला आणि हिंदीने जपला, असा सूर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून दिसतो. न्यायालयात भाषांतरकार म्हणून नोकरी केल्यामुळे या शब्दाशी माझा रोजचा संबंध आला. बिघडवला वगैरे काही नाही.

मूळ धातू ‘शक्’. जमावे, करता यावे अशी इच्छा धरणे म्हणजे ‘शिक्ष्’, आणि त्यावरून शिक्षा म्हणजे शिकणे. वेदांगांतली ‘शिक्षा’ तर उच्चारशास्त्राची. हिंदी-बंगालीत हा शिकण्याचा अर्थ राहिला, पण दुसरा अर्थ एकट्या मराठीचा नाही. तेलुगू-मल्याळममध्ये ‘शिक्ष’ न्यायाधीशच सुनावतात. कन्नडने तर थेट आपल्यासारखी वाटणी केली आहे : शाळेत ‘शिक्षण’, कोर्टात ‘शिक्षे’. थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात हाच शब्द शिकण्याच्या अर्थाने बसला आहे. इंडोनेशियात मात्र ‘सिक्सा’ म्हणजे छळ, नरकयातनासुद्धा. गंमत अशी, की तिथल्याच सुंदानी भाषेतल्या १५१८ सालच्या एका पोथीत ‘सिक्सा’ म्हणजे आचारनियम, उपदेश. उपदेशावरून छळापर्यंत शब्द कसा घसरतो, हे ‘चांगला धडा शिकवला’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

घोटाळा होतो तो शब्द न बदलता उचलला की. एका आरोपीच्या हिंदी कागदात ‘शिक्षा : बारहवीं’ असे होते. नवख्या सहकाऱ्याने मराठीत ‘शिक्षा : बारावी’ लिहून टाकले. आधीच्या अकरा कुठे भोगल्या, असे बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले तेव्हा खुद्द आरोपीही हसला. ‘दंडा’चेही तसेच. हिंदीत ती कुठलीही शिक्षा असू शकते. आपल्याकडे पावती घेऊन भरायची रक्कम. म्हणून तर आपल्या निकालपत्रांत ‘शिक्षा व दंड’ वेगवेगळे लिहावे लागतात.

आता ‘सर्व शिक्षा अभियान’ आणि २०१८पासूनचे ‘समग्र शिक्षा’. योजना केंद्राची, नाव हिंदी, आणि मराठी शाळांच्या भिंतींवर ते तसेच रंगवलेले. पोरे ते वाचून हसतात, त्यांचे काय चुकले? २००९च्या कायद्याला आपण ‘शिक्षणाचा हक्क’ म्हणतो, तिथे कुणी ‘शिक्षेचा हक्क’ मागितला नाही. मग फलकावर ‘समग्र शिक्षण’ लिहायला शिक्षण खात्याची काय हरकत आहे?

– एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार