वेताळाचे अंक रद्दीत जाऊ देऊ नका

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

वेताळाच्या (मूळ इंग्रजीतला 'फँटम') चित्रकथा छापणारे, १९६४ साली सुरू झालेले 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० मध्ये बंद पडले. त्याचे मराठी अंक पुन्हा छापले जाण्याची आशा आम्हाला नाही. कोकण किनाऱ्यावरच्या ग्रंथालयांत त्यांची जी पुडकी उरली आहेत, ती आज वाचवता येतील, आणखी काही पावसाळ्यांनंतर नाही. ग्रंथ बाद करायचा तर निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया असते. कॉमिक्सची नोंद मात्र नियतकालिकांत होते आणि आर्थिक वर्षअखेरीस ती किलोवर विकली जातात. आमची पहिली मागणी एवढीच आहे: ग्रंथालय संचालनालयामार्फत परिपत्रक काढून जुनी मराठी कॉमिक्स ग्रंथ म्हणून दाखल नोंदवहीत घ्यायला सांगावे.

पोरांची करमणूक म्हणून हे सोडून देऊ नये. १९३८ च्या सुपरमॅनच्या छातीवर गोळी आपटून खाली पडते. ली फॉक यांचा वेताळ १९३६ चा, त्याच्या आधीचा; तो मात्र गोळीने मरतो. बाप गेला की मुलगा तोच बुरखा आणि तीच कवटीची अंगठी घालतो, आणि जंगलाला वाटते की चारशे वर्षे हा एकच माणूस आहे. प्रत्यक्षात तो एकविसावा असतो. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, या श्रद्धेने त्याला भल्यामोठ्या चपला वाहणाऱ्या मुलखाला असा राखणदार परका वाटला नसणार. आमच्या मते म्हणूनच हे अंक इथे जपले जायला हवेत.

आता कागदाचे. हा वर्तमानपत्री कागद आहे, लगद्यातले लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारे द्रव्य) न काढता केलेला. उजेड आणि हवा लागली की त्यात आम्ल तयार होते, कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. खाऱ्या हवेत आधी पिना गंजतात. पिनेभोवती तांबूस डाग पडतो, तेवढाच कागद कुजतो आणि मधली जोडपाने सुटून हातात येतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि इथला जुलै ८० च्या खाली क्वचितच येतो. कसर आणि वाळवी वेगळीच.

पिना ओढून काढू नयेत. आतल्या बाजूची टोके बोथट पातळ पात्याने सरळ करून त्या पाठीकडून काढाव्यात. सुट्या झालेल्या पानांचे लगेच ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे, कारण त्याहून कमी ठेवले तर छपाईचे रंगीत ठिपके मिसळून जाळी उमटते. मग जुन्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवावे. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावावी. सेलोटेपचा डिंक तेलकट होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते आम्ल आत कोंडते आणि पुन्हा निघत नाही. स्कॅन करण्यात कायद्याची अडचण नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली; स्वतःजवळ प्रत असलेल्या ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. ही तरतूद परिपत्रकात स्पष्ट लिहावी, म्हणजे ग्रंथपाल बिचकणार नाहीत.

किडीवर डांबरगोळ्यांपेक्षा थंडी खात्रीची. अंक पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करावेत आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर गार कागदावर दव धरते. एवढी थंडी किनाऱ्यावरच्या मासळी शीतगृहांत कायम असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तिथे जागा मिळू शकते. वास लागू नये म्हणून पिशवी दुहेरी घ्यावी, बस. मत्स्यव्यवसाय विभागाशी बोलून प्रत्येक जिल्ह्यात एक कोपरा मिळवून द्यावा, ही दुसरी मागणी. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आला तसा पूर पुन्हा आला, तर हाच कोपरा भिजलेल्या ग्रंथांच्या कामी येईल. ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू लागते. त्याआधी तो गोठवला तर सावकाश वाळवायला वेळ मिळतो.

'शक्तिमान'च्या काळात घरोघरी भरलेल्या व्हिडिओ कॅसेटही कोणी ग्रंथालयाला दिल्या तर घ्याव्यात. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून फितीवर पांढरे दिसले तर ती कॅसेट यंत्रात घालू नये. ती बुरशी असते; ती यंत्राच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

परिपत्रक मार्चअखेरच्या रद्दीविक्रीआधी निघावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
कोकणातील ग्रंथालयांत जुने अंक जपणारे कार्यकर्ते