नान, त्या रात्री माझं मनगट धरल्याबद्दल

नान,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमची भाषा काक्चिकेल, माया लोकांची, स्पॅनिश बाजारापुरती, आणि शाळेचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. यातलं जे तुमच्यासाठी आहे ते मी तुमच्या नातीच्या फोनवर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलून पाठवलंय, शेवटी चार वेळा ‘मात्योश’, म्हणजे तुमच्या भाषेत आभार, म्हणून. मराठीत लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे. तुमचे आभार मानायचे तर मला एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती ज्यांच्यापुढे कबूल करायला हवी त्या बायका मराठी बोलतात.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही ग्वाटेमालातल्या डोंगरातल्या एका गावच्या सुईण. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि बाळंतपणाचा डिप्लोमा झालेली सिस्टर. महाराष्ट्रात नऊ वर्षं लेबर रूममध्ये काढली. मग नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत टेक्सासला गेले. एच-फोर व्हिसा, म्हणजे घरी बसा. दीड वर्ष भिंती बघितल्यावर स्पॅनिश शिकायला लागले आणि त्या वर्गातूनच ग्वाटेमालाला जाणाऱ्या एका छोट्या गटाची ओळख झाली. दोन मिडवाइफ, म्हणजे शिकलेल्या सुइणी, एक गाडी आणि औषधांच्या चार पेट्या. त्यांना सामान उचलणारी, नोंदी ठेवणारी, लेबर रूमची सवय असलेली बाई हवी होती. मी सहा आठवड्यांसाठी गेले.

सोलोला प्रांतात आतित्लान नावाचं तळं आहे. सभोवती तीन ज्वालामुखी. तळ्याची पातळीच साधारण १,५६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्याच्या जवळपास पाणी. दुपार झाली की शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि होड्यावाले कुरकुरायला लागतात. तुमचं गाव त्याच्याही बरंच वर, मक्याच्या उभ्या शेतांत. मी पुण्याहून आणलेला स्वेटर पहिल्या रात्रीच हरला.

पहिल्या दिवशी मी काय गाढवपणा केला ते तुम्हाला नक्की आठवत असेल. सगळ्यांसमोर उभी राहून मी ऐटीत म्हणाले, ‘सोय इंदिया.’ मी भारतीय आहे. खोलीत एकदम शांतता. तुमच्या सुनेनं मान खाली घातली. त्या देशात ‘इंदिया’ ही माया बायकांना शहरातल्या माणसांनी दिलेली शिवी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘दे ला इंदिया’ म्हणायला हवं होतं. मेक्सिकोहून आलेली आमची मिडवाइफ सारवासारव करायला पुढे सरसावली, तेवढ्यात तुम्ही हसायला लागलात. नातीनं तुमचं बोलणं उलगडून सांगितलं: ‘मग ये, बस, आपण दोघी तशाच.’ पुढे सहा आठवडे तुम्ही मला त्याच नावानं हाक मारलीत आणि मीही तुम्हाला ‘नान’ म्हणू लागले. थोरल्या बाईला हाक मारायचा तुमचा शब्द, पण माझ्या कानाला तो आमच्या वाड्यातल्या नानींचाच वाटायचा.

तर ती रात्र.

बाराच्या सुमाराला कळा सुरू झालेल्या एका बाईचा नवरा दाराशी आला. वाट इतकी उभी की मी दोनदा हातांवर चालले, आणि तुम्ही, साठी ओलांडलेल्या, कोर्ते, म्हणजे कमरेला गुंडाळलेलं विणलेलं वस्त्र, सावरत पुढे. खोली मातीच्या विटांची, वर पत्रा, कोपऱ्यात चूल, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली. दार लावून फटीत कापड कोंबलेलं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्याकडे शेक-शेगडी, ओव्याची धुरी आणि कान बांधलेली बाळंतीण हे सगळं मी बघितलं होतं आणि नर्सिंगला गेल्यावर त्याला यथेच्छ हसलेही होते.

दुसरं बाळंतपण होतं. बाई जमिनीवर चटईवर गुडघे टेकून होती, नवरा मागून तिच्या काखांत हात घालून तिला तोलून धरत होता. घामानं तो तिच्यापेक्षा जास्त भिजलेला. नऊ वर्षांत मी एकाही नवऱ्याला लेबर रूमच्या दाराच्या आत बघितलं नव्हतं. मेक्सिकोवाली दर थोड्या वेळानं बाळाचे ठोके ऐकायची आणि मी वहीत लिहायचे: १४०, १३६, १४४. तुम्ही मात्र तिच्या पाठीला हात लावून नुसत्या बसला होतात. मी वाट बघत होते की आता तपासतील, पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघतील. तुम्ही एकदाही आत हात घातला नाहीत. तिचा आवाज ऐकत होतात, पाय चाचपत होतात, मधूनच तिच्या सासूशी भलत्याच विषयावर, बहुधा कोंबड्यांवर, बोलत होतात.

मला काम काय दिलं होतं? बॅटरी धरायची. तुमची बॅटरी तुम्ही आजवर दातांत धरून काम करत आला होतात. मी माझी डोक्याला बांधायची बॅटरी लावून गुडघ्यावर बसले. नऊ वर्षांची सिस्टर, आणि समईसारखी एका जागी.

पावणेपाचला पाणमोट फुटली आणि चार कळांत बाळ तुमच्या हातात. मुलगी. रडली, गुलाबी झाली. तुम्ही तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलंत आणि वरून शाल टाकलीत. मेक्सिकोवालीनं मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचे, म्हणजे पिशवी आवळायच्या इंजेक्शनचे, दहा युनिट दिले आणि घड्याळ बघितलं. नाळ कुणी कापली नाही. वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही ही तुमची रीत.

आणि वार पडेना.

दहा मिनिटं. पंधरा. रक्त फार नव्हतं, पण माझ्या अंगात लेबर रूम जागी झाली. तिथे असंच असायचं: दोन सिस्टर, आठ टेबलं, बाहेर अकरा बायका, आणि वार म्हणजे टेबल रिकामं होण्याआधीची शेवटची अडचण. कधी हात पुढे गेला मलाच कळलं नाही. मी नाळ धरली आणि ओढायला सुरुवात करणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. जोरानं नाही. तान्ह्या बाळाचा हात बाजूला करतात तसं. ‘एस्पेरे,’ म्हणालात. थांबा.

सुटली नसताना वार ओढली तर पिशवीच उलटी होऊन बाहेर येऊ शकते. हे मी विद्यार्थिनींना फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. गोळा टणक होतो, नाळ आपोआप लांबते, रक्ताची एक चूळ येते, मग हात लावायचा. पाठ होतं सगळं.

तुम्ही तिच्या ओटीपोटावर तळवा ठेवलात आणि सासूला काहीतरी सांगितलंत. प्लास्टिकची बादली आली. दोघींनी धरून तिला बसवलं आणि ती लघवीला झाली. बराच वेळ. भरलेली लघवीची पिशवी वार अडवते! तेही पाठ होतं, आणि ते बघायचं मला सुचलं नाही. मग बाळाला छातीशी लावलंत. ते चोखायला लागलं की पोटातला गोळा आवळतो. एक रिकामी बाटली तिच्या तोंडाशी दिलीत आणि फुंकायला सांगितलंत. आमच्याकडच्या जुन्या सुइणी बाईच्याच वेणीचं टोक तिच्या तोंडात कोंबायच्या, ओकारी येऊन पोटावर जोर यावा म्हणून. त्यापेक्षा बाटली बरी.

सव्विसाव्या मिनिटाला वार पडली. तुम्ही ती माझ्या बॅटरीच्या उजेडात परातीत पसरून, दोन्ही हातांनी उलटसुलट करून बघितलीत, कुठे तुकडा राहिला का म्हणून. मग नाळ बांधून कापली आणि तिचं टोक मेणबत्तीवर शेकलंत. मेक्सिकोवाली म्हणाली, ‘से अलिव्यो.’ तिच्या देशात बाळंत झालेल्या बाईला असं म्हणतात, बरं वाटलं, हलकी झाली. आमच्याकडे म्हणतात, मोकळी झाली.

उजाडल्यावर बाहेर आले तेव्हा कळलं की वर रस्त्यावर रात्रभर एक पिकअप उभी होती. ड्रायव्हर आत झोपलेला, किल्ली लावलेली. निघतानाच तुम्ही त्याला उठवून आणलं होतंत. तिसाव्या मिनिटाला वार पडली नसती तर त्या बाईला शालीच्या झोळीतून वर नेऊन सोलोलाच्या रस्त्याला लावायचं, हे तुमचं आणि मेक्सिकोवालीचं आधीच ठरलेलं होतं. मी मात्र समजत होते की तुम्ही देवावर हवाला ठेवून बसल्या आहात.

हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या ओळखीत हल्ली दोन प्रकारची माणसं भेटतात. एकांना सुईण म्हणजे अडाणीपणा वाटतो. दुसऱ्यांना घरचं बाळंतपण म्हणजे मेणबत्त्या आणि मंद संगीत वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत, आणि त्यामुळे किती बायका वाचल्या हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरी बाळंत व्हा असं मी कुणालाही सांगणार नाही. तुम्हीही सांगत नाही. बीपी १५० वर गेलेल्या त्या सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही एक तासही घरी ठेवलं नव्हतंत.

तिला घेऊन आपण दवाखान्यात गेलो होतो. कुठल्या ते लिहीत नाही. फाटकावरच्या सिस्टरनं मला आत सोडलं, माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून. तुम्हाला हातानं बाहेरच थांबायला सांगितलं, बोलायचीही तसदी न घेता. त्या मुलीला स्पॅनिश येत नव्हतं. तिची भाषा येणारी एकच बाई फाटकाबाहेर, पायरीवर, तीन तास. ग्वाटेमालात तुमच्यासारख्या नोंदणी झालेल्या सुइणी वीस हजारांहून जास्त आहेत, आणि १९ मे हा त्यांच्या सन्मानाचा दिवस म्हणून पाळतात. फाटकावर त्यातलं काही दिसलं नाही.

मला राग यायला हवा होता. पण मी त्या सिस्टरकडे बघत राहिले आणि मला तिचा हातवारे करायचा ढंग ओळखीचा वाटला. माझाच होता. पाड्यावरून बाईला घेऊन आलेल्या सुइणीला मी असंच बाकड्यावर बसवायचे, ‘मावशी, तुमचं काम झालं, आता बाहेर.’ काय झालं, कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, हे त्या मावशीला माहीत असायचं. मी कधी विचारलं नाही.

आणि आता ती कबुली. टेबलावरच्या बायकांवर मी ओरडायचे. ‘जोर लाव, नाटकं करू नकोस.’ मांडीवर चापट मारायचे. आणि ते एक वाक्य, जे प्रत्येक लेबर रूममध्ये कुणीतरी कुणाला तरी शिकवतं: ‘नवऱ्याकडे जाताना नाही का रडलीस?’ ते मी म्हटलेलं आहे. एकदा नाही. थकवा होता, बायका जास्त आणि हात कमी होते, हे सगळं खरं. पण तुमच्याही अंगावर त्या रात्री चाळीस मिनिटांची चढण आणि पाच तासांचं जागरण होतं, आणि तुमचा आवाज कोंबड्यांच्या गप्पांपेक्षा वर गेला नाही. ज्या बायकांना मी असं बोलले त्यांतल्या कुणी हे वाचत असतील तर त्यांची मी माफी मागते. आभाराच्या पत्रात माफी घुसडतेय, तुम्ही समजून घ्याल.

नान, मनगट धरल्याबद्दल मात्योश. ते तुम्ही कुणाच्या लक्षात येणार नाही असं धरलंत आणि नंतर त्याचा उल्लेखही केला नाहीत. मी कुणाचं मनगट धरलं असतं तर आठवडाभर ड्यूटी रूममध्ये सांगत फिरले असते.

तिसऱ्या दिवशी मला तुमच्याबरोबर तुजमध्ये नेल्याबद्दलही मात्योश. ती मातीची बुटकी, काळोखी वाफेची खोली, तापलेल्या दगडांवर पाण्याचा चर्र आवाज, आणि तुम्ही त्या बाळंतिणीचं अंग पानांनी चोळताय. नंतर तिच्या पोटावर विणलेला पट्टा घट्ट आवळून बांधलात. मला माझ्या आईला न्हाऊ घालायला येणारी आजी आठवली, धाकट्या भावाच्या वेळची, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोट बांधणारी. तिथेच तुम्ही तुमचं सांगितलंत. तरुणपणी तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, स्वप्नात म्हाताऱ्या बायका येऊन हात दाखवायच्या, आणि पहिलं बाळ हातात घेतल्यावर दुखणं गेलं. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

बाळाचा दिवसही तुम्ही मोजून काढलात, तुमच्या २६० दिवसांच्या पंचांगातला. बात्स आला. सूत. ‘ही विणेल,’ म्हणालात, ‘किंवा खूप बोलेल.’ मी तुम्हाला आमच्या सटवाईबद्दल सांगितलं, ती पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून. तुम्ही एकच विचारलंत: तिला लिहिता येतं का? मग ती शिकलेली बाई दिसते.

नातीनं गेल्या आठवड्यात फोटो पाठवला. मुलगी चालायला लागलीय आणि कोंबडीची शेपटी धरून उभी आहे.

माझी डोक्याची बॅटरी तुमच्याकडेच राहू द्या. तिला तीन बारीक सेल लागतात. बाजारात ‘त्रिप्ले आ’ म्हणून मागा, जाडे देतील ते घेऊ नका. आणि पट्टा सैल झाला तर मागच्या बाजूला ओढायची एक छोटी काळी क्लिप आहे, ती मी तुम्हाला दाखवायची विसरले होते.

तुमची,
इंदिया